काठावरची कथा

उन्हाळा सरत आला की मराठीत लिहिणाऱ्यांकडे आवाहनं येऊ लागतात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी हा आपल्याकडे कथेचाही सण झाला. त्या अंकांची तयारी पावसाच्या तोंडावर सुरू होते आणि कथास्पर्धांची पत्रकंही साधारण त्याच सुमारास हातात पडतात. यातली बरीच आवाहनं हल्ली विषय ठरवूनच येतात: नदी, स्थलांतर, भय, विज्ञान. विषय वाचून नवी कथा लिहायला घेणं कष्टाचं असलं तरी सरळ असतं. आधीच लिहून झालेली एखादी कथा त्या विषयात बसते का, हे ठरवणं मात्र फार कठीण जातं. कथा स्पष्टपणे बाहेरची असली तर प्रश्नच नसतो. ती काठावर असली की मन अडकतं.

माझं मन असं अडकलं ते एका विज्ञानकथा स्पर्धेच्या पत्रकामुळे. त्यात लिहिलं होतं की कथेच्या केंद्रस्थानी एखादं वैज्ञानिक तत्त्व किंवा संकल्पना असावी आणि भविष्यवेधी कल्पनेला प्राधान्य दिलं जाईल. पुढे नेहमीच्या अटी होत्या: कथा अप्रकाशित हवी, शब्दमर्यादा पाळावी, निकाल लागेपर्यंत ती दुसरीकडे पाठवू नये, कथेच्या कागदांवर लेखकाचं नाव नसावं. माझ्याकडे एक कथा तयार होती. तिच्यात विज्ञान होतं, पण भविष्य नव्हतं. यंत्रमानव नव्हता, परग्रह नव्हता, एकही नवा शोध नव्हता. होता तो घाटमाथ्यावरच्या एका गावातला पर्जन्यमापक आणि त्यातलं पाणी रोज सकाळी मोजणारा एक माणूस.

ही कथा माझ्या नोकरीतून आली. पावसाच्या नोंदी तपासण्याचं काम मी बरीच वर्षं केलं आहे. पर्जन्यमापकात जमलेलं पाणी सकाळी साडेआठला मोजायचं, गेल्या चोवीस तासांचा पाऊस म्हणून त्या दिवसाच्या तारखेपुढे लिहायचं आणि भांडं रिकामं करून परत जागेवर ठेवायचं, हा शिरस्ता देशभर एकच आहे. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’ म्हणून मोजला जातो. गावोगावची ही पत्रकं आमच्याकडे यायची आणि आम्ही ती शेजारच्या केंद्रांशी ताडून पाहायचो. एका गावी धो धो आणि चहूबाजूंना कोरडं असं दिसलं की आकड्यावर खूण करायची. महिनाभर ओळीने पाच, दहा, पंधरा असे गोल आकडे आले की समजायचं, कोणीतरी घरात बसून लिहितंय.

या कामात पहिल्याच वर्षी एक गोष्ट पक्की शिकवली जाते. शून्य आणि कोरा रकाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे माणूस गेला, त्याने पाहिलं आणि भांड्यात पाणी नव्हतं. कोरा रकाना म्हणजे त्या दिवशी कोणी पाहिलंच नाही. कोऱ्या जागी शून्य भरलं तर अख्ख्या महिन्याचा पाऊस कमी दिसतो, त्यावरून काढलेली सरासरी चुकते, आणि धरणाचा, मोरीचा, पुलाचा हिशेब ज्या आकड्यांवर उभा असतो त्यांच्या मुळाशी एक खोटी गोष्ट जाऊन बसते.

माझ्या कथेतल्या माणसाची आई जुलैतल्या एका रात्री जाते. सकाळी तो पर्जन्यमापकाकडे जात नाही. दुसऱ्या दिवशी जातो तेव्हा दोन दिवसांचं पाणी एकत्र झालेलं असतं आणि भांडं भरून वाहिलेलं असतं. आदल्या दिवसाचा रकाना तो कोरा ठेवतो. आकडा भर म्हणून वरून निरोप येतो, मग माणूस येतो, मग मानधन थांबवण्याची भाषा होते. तो भरत नाही. पुष्कळ वर्षांनी शहरातल्या एका मुलीसमोर संगणकावर ती रिकामी जागा उभी राहते आणि ती भरल्याशिवाय पुढची आकडेमोड सरकत नाही. तिने काय करायचं, हा कथेचा उत्तरार्ध.

कथा लिहून झाल्यावर मला ती बरी वाटली होती. ती विज्ञानकथा आहे का, हा प्रश्न मात्र पत्रक हातात येईपर्यंत मनात आला नव्हता.

अशा वेळी मी सगळ्यात आधी अटींचे दोन ढीग करते. शब्दसंख्या, मुदत, अप्रकाशित असणं, नाव न घालणं, एका वेळी एकाच ठिकाणी पाठवणं, या अटींत ‘साधारण’ किंवा ‘जवळपास’ काही नसतं. त्या पाळायच्या. अंकाची पानं मोजलेली असतात, परीक्षकांचा वेळ मोजलेला असतो, आणि नाव झाकण्यामागे तर सगळ्यांना समान वागणूक मिळावी हा उघड हेतू असतो. माझी कथा मर्यादेपेक्षा लांब होती. पाठवायची की नाही हे ठरण्याआधीच मी ती कापली, कारण तिथे विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

विषयाची अट वेगळ्या जातीची असते. संपादक विषय देतो तेव्हा त्याच्या मनात दोन-चार कथांची कल्पना असते, पण त्याने न कल्पिलेली एखादी कथा यावी अशी आशाही असते. हे मी अंदाजाने म्हणत नाही. एका छोट्या दिवाळी अंकासाठी आलेल्या कथांचं पहिलं वाचन करण्याचं काम माझ्याकडे असायचं. एका वर्षी विषय नदी होता. विषयाबाहेरच्या कथा आम्हाला पुष्कळ आल्या आणि त्या वाचता वाचता त्यांच्यात दोन जाती दिसू लागल्या. पहिल्या जातीत कथा संपूर्ण वेगळीच असायची, नवरा-बायकोच्या भांडणाची, नाही तर कचेरीतल्या बढतीची, आणि शेवटच्या परिच्छेदात नायक नदीकाठी जाऊन बसायचा. नदी तिथे वरून आणून ठेवलेली असायची. ती उचलली तर कथेला कळलंही नसतं. दुसऱ्या जातीतली एक कथा माझ्या अजून लक्षात आहे. तिच्यात नदी एकदाही दिसत नव्हती. धरणात बुडालेल्या गावातून उठवलेल्या लोकांच्या वसाहतीत एक म्हातारी रोज उतरत्या वाटेने चालायला निघायची, कारण जन्मभर तिच्या गावी उतार म्हणजे पाणवठा होता. ती कथा आम्ही पहिल्या पानांत घेतली. नियमावलीच्या अक्षरावर बोट ठेवून पाहिलं असतं तर दोन्ही कथा सारख्याच बाहेरच्या होत्या.

वाचकाच्या बाजूला बसल्यामुळे आणखी एक समज आली. काहीही कुठेही पाठवून पाहावं, लागलं तर लागलं, असं लेखकांना सांगणारे पुष्कळ असतात. ते मला पटत नाही. पलीकडे कोणीतरी नोकरी, घर, आजारपणं सांभाळून रात्री त्या कथा वाचत असतं, बहुतेक वेळा बिनपैशाने. त्यांच्यापुढे कथा ठेवताना ती त्यांच्या विषयाशी खरोखर काही बोलते आहे, एवढी खात्री लेखकाने स्वतःची करून घ्यायला हवी. निर्णय त्यांचा असला तरी ही खात्री आपली जबाबदारी आहे.

विज्ञानकथेबद्दल बोलताना एक कसोटी नेहमी सांगितली जाते. कथेतलं विज्ञान काढून घेतलं आणि तरीही कथा उभी राहिली, तर ती विज्ञानकथा नव्हे. मी ही कसोटी शब्दशः लावायचं ठरवलं. पर्जन्यमापक काढला आणि त्याच्या जागी गावातल्या पतपेढीची खतावणी ठेवली. तोच माणूस, आता कारकून. तीच आई, तीच जुलैची रात्र. एका दिवसाची नोंद राहते, वरून दट्ट्या येतो, तो खोटा आकडा लिहायला नकार देतो. कागदावर मांडून पाहिलं तेव्हा कथा बरीचशी उभी राहिली. माणसाचा स्वभाव तोच, दुःख तेच, ताठरपणाही तोच. आपली कथा प्रामाणिक माणसाची कथा आहे आणि पर्जन्यमापक हे केवळ नेपथ्य आहे, असं मानून तिथेच थांबणं मला सहज शक्य होतं.

पण लिहिताना एक गोष्ट खटकत राहिली. खतावणीतली राहिलेली नोंद शोधून काढता येते. पावती असते, खातेदाराचं पासबुक असतं, एका खात्याला नावे पडलेली रक्कम दुसऱ्या खात्याला जमा असतेच. कारकुनाने रकाना कोरा ठेवला तर दुसरा कोणी चार दिवस बसून तो बरोबर भरू शकतो. मग कारकुनाचा नकार हा हट्ट ठरतो. पावसाचं तसं नसतं. त्या गावी त्या दिवशी पडलेला पाऊस पुन्हा पडत नाही आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नसते.

शेजारच्या केंद्रांवरून अंदाज काढता येतो, हे खरं. आम्ही ते काम नेहमी करायचो. आजूबाजूच्या केंद्रांचे त्या दिवसाचे आकडे घ्यायचे, प्रत्येकाच्या वार्षिक सरासरीशी आपल्या केंद्राच्या सरासरीचं गुणोत्तर लावायचं आणि गहाळ आकडा बसवायचा. सपाट मुलखात ही रीत बरी चालते. सह्याद्रीत तिची परीक्षा होते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून वीसएक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी पडतो आणि घाट उतरून वाईला आलं की त्याहूनही पुष्कळ कमी. सरासरीचं गुणोत्तर हे वर्षानुवर्षांचं असतं, त्या एका रात्रीच्या ढगाला ते बांधील नसतं. मुंबईचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला ७३ मिलिमीटरची. समजा, त्या दिवशी सांताक्रूझचा रकाना कोरा राहिला असता आणि कोणी तो कुलाब्यावरून भरला असता, तर त्या महापुराची एक मुख्य साक्षच कागदावरून पुसली गेली असती.

इथे माझ्या कथेचा कणा मला सापडला. माझा नायक आकडा भरत नाही, कारण भरलेला आकडा पुढे कोणालाही अंदाज म्हणून ओळखता येणार नाही. तो पाहिलेल्या आकड्यांच्या ओळीत जाऊन बसेल आणि त्यांच्यासारखाच दिसेल. जे पाहिलं तेवढंच लिहायचं आणि जे पाहिलं नाही ते पाहिलं नाही म्हणूनच ठेवायचं, हा निरीक्षणाचा पाया आहे. त्यावर हवामानशास्त्र उभं आहे, खगोलशास्त्र उभं आहे, वैद्यकही उभं आहे. खतावणी ठेवली की माणूस तोच राहतो, पण त्याच्या नकाराचं कारण नाहीसं होतं. तेव्हा कसोटीचं उत्तर असं आलं की विज्ञान काढलं तर कथेचा सांगाडा उभा राहतो, जीव जातो. पत्रकातली पहिली अट, वैज्ञानिक तत्त्व केंद्रस्थानी असण्याची, कथा पुरी करत होती. तत्त्व अवकाशाचं नव्हतं, कृष्णविवराचं नव्हतं, रोजच्या नोंदवहीचं होतं, एवढंच.

दुसरी गोष्ट उरली: भविष्यवेधी कल्पनेला प्राधान्य. कथा वाचलेल्या एका मैत्रिणीने सुचवलं की काळ पुढे ने. साल २०७० कर, माणसाच्या जागी यंत्र आण, मग प्रश्नच मिटेल. सूचना आपुलकीची होती आणि मी ती मनापासून करून पाहिली. स्वयंचलित पर्जन्यमापक तर आजच आहेत. आपल्या महसूल मंडळांमध्ये उभी राहिलेली हवामान केंद्रं माणसाशिवाय आकडे पाठवतात. त्यांच्या नोंदींतही कोऱ्या जागा असतात. बॅटरी उतरते, पानं अडकतात, मुंग्या घर करतात, संदेशवहन तुटतं. पण ती कोरी जागा कोणी ठेवलेली नसते, ती राहिलेली असते. यंत्राला मोजणं चुकतं, न लिहिण्याचा निर्णय त्याला घेता येत नाही. आणि माझी कथा त्या निर्णयाची होती. यंत्राच्या आवृत्तीची काही पानं झाली तेव्हा स्पष्ट दिसलं की मी स्पर्धेसाठी दुसरीच कथा लिहिते आहे, जिच्याबद्दल मला काही सांगायचं नाही. ती पानं बाजूला ठेवली.

या टप्प्यावर मी आपल्याच विज्ञानकथेच्या परंपरेकडे पुन्हा वळले. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी हे नाव घेतलं होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मराठीला एक मोठा विज्ञानकथाकार मिळाला. जगभर ज्यांचं नाव झालं होतं त्या शास्त्रज्ञाला आपली कथा कथा म्हणून टिकते का, हे नावाच्या आधाराशिवाय पाहायचं होतं. पाठवणं म्हणजे काय, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. कथा पुढे करायची, आपण मागे राहायचं.

त्याच परंपरेत भविष्याशी संबंध नसलेलं लेखनही आहे. सुबोध जावडेकरांची ‘आकांत’ ही कादंबरी १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेवर उभी आहे. तिथला कारखाना, तिथलं रसायन, तिथला मृत्यू, सगळं घडून गेलेलं. विज्ञानाचा माणसाच्या जगण्याशी जिथे संबंध येतो तिथे विज्ञानकथा असू शकते, तो संबंध उद्याचाच असायला हवा असं नाही, हे आपल्या लेखकांनी पूर्वीच दाखवून दिलं आहे. शिवाय पत्रकात भविष्याला प्राधान्य होतं, भविष्याची सक्ती नव्हती. प्राधान्य नसलेल्या रांगेत उभं राहायचं, तर मागे राहण्याची तयारी हवी. ती माझी होती.

तरी एक व्यवहाराचा विचार शिल्लक होता आणि लिहिणाऱ्यांनी तो टाळू नये असं मला वाटतं. कथा एका ठिकाणी पाठवली की ती तिथे बांधली जाते. स्पर्धेचा निकाल दिवाळीनंतर लागणार होता. म्हणजे या वर्षीच्या अंकांची दारं तिच्यासाठी बंद होणार होती. विषयाचं बंधन नसलेल्या एखाद्या अंकात ही कथा विनासायास गेली असती, कोणी तिला तू कोणत्या जातीची असं विचारलं नसतं. जिथे ती सहज बसते तिथे द्यावी की जिथे काठावर आहे तिथे पाठवावी? याचं उत्तर मला त्या कथेच्या वाचकाचा विचार करताना मिळालं. सर्वसाधारण अंकात ती एका मनस्वी माणसाची गोष्ट म्हणून वाचली गेली असती. विज्ञानकथा वाचायला बसलेल्या परीक्षकापुढे ती गेली, तर तो पहिल्या ओळीपासून विज्ञान शोधत वाचेल आणि कोरा रकाना त्याच्यापुढे तत्त्व म्हणून येईल. कथेला ज्या नजरेची गरज होती ती नजर तिथे होती. एक दिवाळी हातची जाणं ही त्याची किंमत, आणि ती मला जास्त वाटली नाही.

पाठवण्याआधी मी कथेत एक बदल केला. तो स्पर्धेला खूश करण्यासाठी नव्हता, पण स्पर्धेमुळेच सुचला होता. मूळ कथेत नायक गप्प राहतो आणि रकाना का भरत नाही हे वाचकाने ओळखायचं असतं. कसोटी लावताना जे मला कळलं होतं, ते शहरातल्या मुलीला कळण्याचा प्रसंग मी लिहिला. ती शेजारच्या केंद्रांचे आकडे मांडते, गुणोत्तर लावते, आकडा येतो, आणि त्या आकड्यापुढे काय लिहायचं यापाशी ती अडते. शेवटी ती आकडा ठेवते, पण तो अंदाज आहे अशी खूण करून ठेवते, म्हणजे आणखी पन्नास वर्षांनी वाचणाऱ्यालाही कळेल की इथे कोणी पाहिलेलं नव्हतं. म्हातारा आणि ती मुलगी एकमेकांना कधी भेटत नाहीत, तरी एकाच कामातली माणसं होतात. विषयाच्या चौकटीपाशी कथा नेऊन उभी केली नसती तर हा प्रसंग मला लिहावासा वाटला नसता.

सोबतच्या पत्रात कथा कशी विषयात बसते याचं स्पष्टीकरण द्यावं असं क्षणभर वाटलं. दिलं नाही. कथेने जे सांगितलं नाही ते पत्राने सांगून उपयोग नसतो, आणि वाचणाऱ्याचा निर्णय आधीच आपल्याकडे वळवणं त्याच्यावर अन्याय करण्यासारखं आहे. कथेचं नाव, शब्दसंख्या, अप्रकाशित असल्याचं निवेदन, एवढंच लिहून मुदतीच्या आत पाकीट दिलं.

निकाल अजून लागायचा आहे. तो काहीही लागो, या निमित्ताने केलेला विचार मला पुढे उपयोगी पडणार आहे आणि नव्याने लिहिणाऱ्यांना तो सांगावासा वाटतो. कथा काठावर आहे असं वाटलं तर तिच्यातून तो विषय काढून पाहा. काहीच हललं नाही तर ती तिथे पाठवू नका, दुसऱ्यासाठी ठेवा, ती वाईट ठरत नाही. तिचा जीव जातो असं दिसलं तर निःशंक पाठवा, मग तिच्यात पत्रकातला नेहमीचा साज असो वा नसो. साज चढवण्यासाठी कथा मोडू नका. अटी तंतोतंत पाळा. आणि ती बसत नाही असा निकाल वाचणाऱ्याच्या आधी आपणच देऊन मोकळे होऊ नका. पुष्कळ चांगल्या कथा कोणी नाकारल्यामुळे नव्हे, लेखकाने घरातच ठेवल्यामुळे वाचकापर्यंत पोचत नाहीत. विषय ठरवणं संपादकाचं काम, त्या विषयाशी आपलं खरं नातं आहे का हे तपासणं आपलं. दोघांनी आपापलं काम नीट केलं, तर कधी कधी विषयाचा अर्थच थोडा रुंद होतो, आणि मला वाटतं, आवाहन काढणाऱ्यालाही मनातून तेच हवं असतं.